आजची भाकर आणि मंडळीचें अन्नछत्र

प्रभु येशूनें आपल्या शिष्यांस जी प्रार्थना शिकविली ती मिशनच्या शाळांतून शिकलेल्या बहुतेक मुलांस, तीं कोणत्याहि धर्माचीं असोत, तोंडपाठ असते. तोंडपाठ झालेल्या गोष्टीकडे मग लक्ष जात नाहीं, हा मनुष्यस्वभावच आहे. पण त्या प्रार्थनेंतील मागण्यांचा क्रम एकदां सावकाश पाहावा. प्रथम देवाचें नांव, देवाचें राज्य आणि देवाची इच्छा यांविषयीं तीन मागण्या येतात, आणि चौथी एकदम भाकरीची येते. पापांच्या क्षमेची मागणी तिच्यामागून आहे. शिवाय ही मागणी ‘मला’ अशी नसून ‘आम्हांस’ अशी आहे, आणि ती वर्षाच्या बेगमीची नसून एका दिवसाची आहे. मूळ ग्रीक भाषेंत भाकरीस जें विशेषण लाविलेलें आहे तें इतकें विरळ आहे कीं, या प्रार्थनेबाहेर तें जवळजवळ कोठेंच आढळत नाहीं. कोणी पंडित त्याचा अर्थ ‘रोजची’ असा करितात, कोणी ‘उद्यांपुरती’ असा, तर कोणी ‘जगण्यास अवश्य तेवढी’ असा करितात. अर्थ कोणताहि घेतला तरी कोठार भरून मागण्याचा भाव त्यांतून निघत नाहीं.

आतां या मागणीपुढें एक सरळ प्रश्न उभा राहतो, आणि तो लहान मुलेंहि विचारतात. देवापाशीं भाकर मागितली म्हणजे ती मिळते काय? मिळत असेल, तर दुष्काळांत देवाचें नांव घेत घेत माणसें अन्नावांचून कां मेलीं? आणि मिळत नसेल, तर ती रोज मागावयाची तरी कशाला? वडील माणसें या प्रश्नास बहुधा घाईनें उत्तर देतात, आणि घाईनें दिलेलें उत्तर मुलांस पटत नाहीं. ज्या ख्रिस्ती मंडळ्यांनीं व ज्या भक्तांनीं भुकेल्यांसाठीं चूल पेटविली, त्यांस हा प्रश्न पुस्तकांत नव्हे, तर रोज सकाळीं पिठाच्या मडक्यांत वांकून पाहतांना भेटत असे. म्हणून त्यांनीं काय केलें हें पाहणें अधिक उपयोगाचें होईल असें वाटतें.

मडक्याचा उल्लेख आला, तेव्हां आरंभ सारफथ गांवच्या विधवेपासूनच करूं. पावसानें देशांत पाठ फिरविली असतां एलीया संदेष्टा त्या गांवीं आला. ही बाई वेशीपाशीं दोन काटक्या गोळा करीत होती. घरांत मूठभर पीठ आणि कुपींत थोडें तेल एवढेंच उरलें होतें. त्याची भाकर करून आपण व आपला मुलगा खाऊं, आणि मग मरूं, असा तिचा हिशेब होता. एलीयानें तिच्याकडे आधीं आपल्यासाठीं लहानशी भाकर मागितली. तिनें ती दिली, आणि पुढें पाऊस येईपर्यंत मडक्यांतील पीठ संपलें नाहीं. ही गोष्ट सांगतांना पुष्कळदां एक बारीक गोष्ट निसटते. मडकें भरलें असें शास्त्र म्हणत नाहीं. तें संपलें नाहीं एवढेंच म्हणतें. म्हणजे त्या बाईनें रोज सकाळीं झांकण काढलें तेव्हां तिला बहुधा तळाशीं मूठभरच पीठ दिसत असावें. रोज दिसणारा तळ आणि रोज निघणारी भाकर, अशा दोन्हींच्या मध्यें तिला दिवस काढावे लागले. शिवाय ही बाई इस्राएली नव्हती. ती सीदोन प्रांतांतील परकी बाई होती. अरण्यांतील मान्न्याची गोष्टहि अशाच मापाची आहे. दर माणशीं एक माप. अधिक सांठवून ठेविलें त्यांत सकाळीं किडे पडले.

नव्या करारांतील पांच हजारांच्या जेवणाविषयीं येथें दोनच गोष्टी सांगतों. त्या भाकरी जवाच्या होत्या, आणि जव हें त्या देशांत गरिबाचें धान्य होतें. आपल्याकडे नाचणी किंवा बाजरी म्हटल्यावर जें चित्र उभें राहतें, तेंच तें. आणि वाढण्यापूर्वीं लोकांस गवतावर पन्नास-पन्नास, शंभर-शंभर असे पंक्तीनें बसविलें. जेवण आटोपल्यावर उरलेले तुकडे बारा टोपल्यांत गोळा करविले. चमत्काराच्या दिवशींहि उष्टें-खरकटें वायां जाऊं दिलें नाहीं. ज्याच्या हातीं देवाची तरतूद येते त्यानें अधिक काटकसरीनें वागावें, हा धडा या गोष्टींत चमत्काराइतकाच ठळक आहे, परंतु आपण पोटभर जेवणाऱ्यांकडे पाहतों आणि टोपल्या विसरतों.

पहिल्या मंडळीचा अनुभवहि असाच घरगुती स्वरूपाचा आहे. यरुशलेम येथें मंडळींतील गरीब विधवांस रोज अन्न वांटीत असत. लवकरच कुरकुर सुरू झाली कीं, ग्रीक बोलणाऱ्या विधवांकडे वांटपांत दुर्लक्ष होतें. आपलीं ती आपलीं, दुसऱ्यांचीं तीं मागाहून, हा अन्नछत्राचा जुना रोग आहे. प्रेषितांनीं यावर प्रवचन केलें नाहीं; सात माणसें निवडून वाढपाचें काम त्यांजकडे सोंपविलें. त्या सातांचीं नांवें पाहिलीं तर तीं सर्व ग्रीक वळणाचीं आहेत. ज्यांच्या विधवा उपाशीं राहत होत्या, पळी त्यांच्याच हातीं दिली असें दिसतें. त्यांची योग्यता काय पाहिली? चांगला लौकिक, ज्ञान आणि पवित्र आत्म्यानें भरलेलें अंतःकरण. वाढप्याच्या अंगीं एवढे गुण लागतात काय, असें कोणी विचारील. ज्यानें एखाद्या मोठ्या पंगतींत शेवटच्या पानापर्यंत भात पुरविला आहे त्यानें हा प्रश्न विचारूं नये.

करिंथ येथें तर प्रीतिभोजनांतच श्रीमंत लोक आधीं येऊन जेवून घेत आणि मजुरीवरून उशिरां येणारे गरीब उपाशीं राहत. पौलानें त्यांस कडक शब्दांनीं झाडलें. आपल्या देशांत एका पंक्तीस बसणें ही गोष्ट अन्न मिळण्याइतकीच, कधीं कधीं त्याहूनहि, कठीण होती. म्हणून हें पत्र मराठी ख्रिस्ती माणसास सहज समजतें. पुढें इ. स. २५१ च्या सुमारास रोम येथील मंडळी दीड हजारांहून अधिक विधवा व संकटग्रस्त लोकांस पोशीत होती, असें तेथील बिशप कर्नेलियस यानें आपल्या पत्रांत नमूद केलें आहे. ३६२ सालीं बादशाहा जुलियन, जो ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधी होता, आपल्या पुरोहितांस लिहितांना चडफडून म्हणतो कीं, हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याहि गरिबांस पोशितात. विरोधकाच्या तोंडची ही साक्ष आहे, म्हणून ती विशेष मोलाची.

यानंतर सहासात वर्षांनीं, म्हणजे ३६८-६९ च्या सुमारास, कप्पदुकिया प्रांतांतील कैसरिया शहरीं मोठा दुष्काळ पडला. हें शहर आजच्या तुर्कस्तानांत आहे. समुद्रापासून तें दूर असल्यामुळें बाहेरून धान्य आणणें कठीण होतें. आणि ज्यांच्या कोठारांत धान्य होतें ते भाव चढण्याची वाट पाहत होते. तेथील मंडळींत बासिल नांवाचा पुढारी होता. तो पुढें बिशप झाला. त्यानें आपली मालमत्ता विकून धान्य घेतलें, आणि कोठारवाल्यांस अशीं प्रवचनें ऐकविलीं कीं, त्यांनीं दारें उघडलीं. मग भुकेलेल्यांस एके ठिकाणीं जमवून, कडधान्याच्या कढणाचे हंडे चढवून, तो कमरेस फडकें बांधून स्वतः वाढूं लागला. त्यांत ज्यू मुलांसहि त्यानें वगळलें नाहीं. त्याचा मित्र ग्रेगरी यानें त्याच्या मृत्यूनंतर केलेल्या भाषणांत या प्रसंगाविषयीं जो विचार मांडिला आहे तो या सगळ्या विषयाची किल्ली आहे असें आम्हांस वाटतें. तो म्हणतो त्याचा आशय असा: मोशाप्रमाणें आकाशांतून भाकर पाडणें किंवा थोड्या भाकरी पुष्कळ करणें बासिलास साधलें नाहीं, पण ज्यांजपाशीं धान्य होतें त्यांचीं कोठारें त्यानें शब्दानें उघडविलीं. मित्राचा गौरव करावयाचा असूनहि ग्रेगरी खोटा चमत्कार त्यास चिकटवीत नाहीं, हें लक्षांत घेण्याजोगें आहे.

आपल्या महाराष्ट्रांत मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घरोघर सांगतात. दुष्काळांत त्यांनीं बादशाहाचीं कोठारें लोकांस लुटूं दिलीं, आणि विठोबानें महाराच्या रूपानें दरबारीं जाऊन त्या धान्याची किंमत भरली, अशी ती कथा आहे. तिच्यांतहि धान्य आकाशांतून पडत नाहीं. तें कुलपाआड होतेंच; ज्याच्या हातीं किल्ली होती त्यानें आपलें मस्तक पणास लावून कुलूप काढलें. श्रद्धा वेगळ्या असल्या तरी भुकेचा अनुभव दोन्हीकडे एकच बोलतो. आधुनिक काळीं अमर्त्य सेन यांनीं १९८१ सालच्या आपल्या ग्रंथांत, बंगालच्या १९४३ च्या दुष्काळाचा अभ्यास करून, हेंच आंकड्यांनीं दाखविलें. दुष्काळांत लोक मरतात तें पुष्कळदां देशांत धान्य नसल्यामुळें नव्हे, तर तें मिळविण्याचें सामर्थ्य त्यांजपाशीं न राहिल्यामुळें.

पण मनुष्यानें मनुष्याचें कोठार उघडावें इतकेंच असेल, तर प्रार्थना कशाला, हा प्रश्न उरतोच. त्यासाठीं इंग्लंडांतील ब्रिस्टल शहरीं जाऊं. तेथें जॉर्ज म्युलर या जर्मन गृहस्थानें १८३६ सालीं विल्सन रस्त्यावर भाड्याचें घर घेऊन पोरक्या मुलींचा आश्रम काढिला. म्युलर हे तरुणपणीं साधु नव्हते. सोळाव्या वर्षीं खानावळीचें देणें बुडविल्याबद्दल त्यांनीं तुरुंग पाहिला होता. पुढें हाल या गांवीं विद्यार्थी असतां त्यांचें मन पालटलें. त्याच गांवीं शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीं फ्रांके नांवाच्या धर्मगुरूनें अगदीं थोड्या पैशावर मोठा अनाथाश्रम उभारिला होता. त्याच्या चरित्रावरून म्युलर यांस स्फूर्ति मिळाली. (हिंदुस्थानांत १७०६ सालीं तरंगंबाडीस आलेला पहिला प्रॉटेस्टंट मिशनरी झीगेनबाल्ग हाहि याच हालचा विद्यार्थी.) म्युलर यांचे नियम दोन. कोणाहि मनुष्यापाशीं पैसा मागावयाचा नाहीं, आणि कर्ज काढावयाचें नाहीं. आश्रम उघडण्यापूर्वीं त्यांनीं घर, पैसा, भांडीं, मदतनीस, सर्वांसाठीं प्रार्थना केली. पण अर्ज घेण्याच्या दिवशीं एकहि मूल आलें नाहीं, तेव्हां मुलें येण्यासाठीं प्रार्थना करावयाची राहिलीच, हें त्यांच्या ध्यानांत आलें! पुढें मुलांची वाण पडली नाहीं. १८४९ पासून १८७० पर्यंत शहराबाहेरील ॲश्ली टेकडीवर पांच मोठ्या इमारती झाल्या आणि त्यांत २,०५० मुलांची सोय झाली.

म्युलर यांच्याविषयीं पाववाल्याची व दूधवाल्याची गोष्ट सर्वत्र सांगतात, आणि ती गोड आहे. आम्हांस मात्र त्यांच्या रोजनिशींतील सप्टेंबर १८३८ ची एक नोंद अधिक विचार करण्याजोगी वाटते. त्या दिवसांत पेटी अगदीं रिकामी झाली होती. मदतनीसांनीं आपल्या पदरचे पैसे घातले तेव्हां कोठें जेवणें निघत. अशा वेळीं एक बाई आली आणि लंडनहून आपल्या मुलीनें पाठविलेली रक्कम देऊन गेली. चौकशी केली तेव्हां कळलें कीं, ती बाई चारपांच दिवसांपासून आश्रमाच्या शेजारींच उतरली होती, आणि इतके दिवस ती रक्कम तिच्याजवळ होती. म्हणजे आश्रमांतील माणसें गुडघे टेकून मागत होतीं तेव्हां पैसा भिंतीपलीकडे होता! म्युलर यांनीं याचा अर्थ असा लाविला कीं, देण्याचें देवाच्या मनांत आधींपासूनच होतें. विलंब झाला तो विश्वासाच्या कसोटीसाठीं. दुसरा कोणी म्हणेल, त्या बाईनें पहिल्याच दिवशीं येऊन पैसे दिले असते तर बरें झालें असतें. दोन्ही म्हणणीं एकाच वेळीं खरीं असूं शकतात.

म्युलर यांजवर टीकाहि झाली. तुम्ही मागत नाहीं म्हणतां, पण दर वर्षीं अहवाल छापतां, तें मागणेंच नव्हे काय? हा आक्षेप पोकळ नाहीं. म्युलर यांनींहि तो मनावर घेतला असावा. कारण १८४१ च्या अखेरीस पेटी रिकामी असतां त्यांनीं सभा व अहवाल मुद्दाम पुढें ढकलले, म्हणजे आपली अडचण लोकांस कळवून पैसे काढले असें होऊं नये. परंतु हिशेब ठेवणें त्यांनीं कधीं सोडलें नाहीं. लहानांत लहान देणगीचीहि नोंद होत असे. देवावर भरंवसा ठेवणारा हा मनुष्य ब्रिस्टलमधील कोणाहि वाण्याइतका हिशेबी होता.

आतां आपल्या घरच्या उदाहरणाकडे येऊं. पंडिता रमाबाई यांनीं म्युलर यांचें चरित्र वाचलें होतें, आणि हिंदुस्थानांत असा भरंवसा ठेवून काम करितां येईल काय, असा विचार त्यांच्या मनांत घोळत होता. परंतु हा प्रश्न इतर कोणी विचारणें आणि रमाबाईंनीं विचारणें यांत फार अंतर आहे. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे विद्वान व अत्यंत श्रद्धाळू पुरुष. त्यांनीं आपलें द्रव्य तीर्थयात्रा, दानधर्म व ब्राह्मणभोजनें यांत वेंचलें, आणि उतारवयांत पुराण सांगून मिळेल त्यावर कुटुंबाचा निर्वाह करीत ते गांवोगांव फिरत राहिले. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत अन्नाची टंचाई झाली तेव्हां दागिने गेले, भांडीं गेलीं, शेवटीं मूठभर तांदूळहि उरला नाहीं. देवतांची आराधना मात्र एक दिवस चुकली नाहीं. रानांत पाला, पाणी आणि मूठभर शिंदीचीं फळें यांवर अकरा दिवस काढिल्याचें रमाबाईंनीं लिहिलें आहे. त्यांत अंध झालेले वडील गेले. थोड्या महिन्यांत आई गेली, आणि मागोमाग थोरली बहीण. आई अंथरुणावर असतां रमाबाई शेजारच्या एका ब्राह्मण बाईकडे बाजरीच्या भाकरीचा तुकडा मागण्यास गेल्या. मागण्यास जीभ उचलेना. त्या बाईनेंच ओळखून विचारलें आणि तुकडा दिला. घरीं आणला, पण आईच्यानें तो खाववला नाहीं.

ज्या मुलीनें हें पाहिलें तिनें पुढें ‘देव पुरवील’ असें म्हटलें, तेव्हां तिच्या म्हणण्याचें वजन आपण नीट तोलावें. आपल्या आईबापांची भक्ति खोटी होती, असें त्या कोठेंहि म्हणत नाहींत; त्यांच्या लिखाणांत आईविषयीं जो जिव्हाळा आहे तो वाचून डोळे भरून येतात. त्यांनीं एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहिली आहे. आम्हांस पोट भरण्याचा कोणताहि धंदा शिकविलेला नव्हता, आणि हलकें काम करण्यास आमचा जातीचा अभिमान आड येत होता. ख्रिस्ती झाल्यावर त्यांच्या देवाविषयींच्या कल्पना बदलल्या. पण त्याबरोबर कामाविषयींची कल्पनाहि बदलली, आणि मुक्तिसदनाचें स्वरूप समजण्यास हें दुसरें परिवर्तन पहिल्याइतकेंच महत्त्वाचें आहे.

११ मार्च १८८९ रोजीं त्यांनीं मुंबईंत शारदासदन उघडलें, आणि पुढील वर्षीं तें पुण्यास आणिलें. त्यास अमेरिकेंतील मित्रांनीं दहा वर्षांपुरती मदत कबूल केली होती. ही मुदत संपणार हें जाणून रमाबाईंनीं पुण्याच्या पूर्वेस रेल्वेवरील केडगांव येथें सुमारें शंभर एकर जमीन घेतली आणि फळझाडें लाविलीं. त्या उत्पन्नावर पुढें संस्था चालावी असा हेतु. १८९६ सालीं लोणावळ्याच्या ख्रिस्ती मेळाव्यास त्या पंधरा मुली घेऊन गेल्या होत्या. तेथें त्यांनीं देवाजवळ मागणें केलें तें गणिताच्या भाषेंत. पंधराचा वर्ग करून दे, म्हणजे पुढच्या वर्षीं मला २२५ मुली दे! तेव्हां त्यांजजवळ तितक्या मुलींस पोसण्याची कांहींच सोय नव्हती. त्याच वर्षीं मध्यप्रांतांत भयंकर दुष्काळ पडला. आपलें बाळपण आठवून रमाबाई स्वतः तिकडे गेल्या, दुष्काळी छावण्यांतून हिंडल्या, आणि अनाथ मुली व विधवा यांस घेऊन आल्या. ती संख्या तीनशेंच्या आसपास भरली. इतक्यांत पुण्यांत प्लेग शिरला. एवढ्या मुलींस शहरांत ठेवितां येईना. तेव्हां फळझाडांसाठीं घेतलेली केडगांवची जमीन उपयोगीं पडली. तेथें आरंभीं तंबू व झोंपड्या होत्या. १९०० सालीं गुजराथेंत दुष्काळ पडल्यावर आणखी मुली आल्या, आणि मुक्तीमध्यें राहणारांची संख्या सुमारें १,९०० झाली.

विद्यार्थ्यांनीं येथें एक त्रैराशिक करून पाहावें. माणशीं दिवसास अर्धा किलो धान्य धरलें तर १,९०० माणसांस रोज साडेनऊ क्विंटल लागतें. दोन वेळां दोन दोन भाकरी धरल्या तर रोज ७,६०० भाकरी भाजाव्या लागतात. वर्षास याचें काय होईल तें ज्याचें त्यानें पाहावें. हा खर्च भागविण्यास रमाबाईंपाशीं ठरलेलें उत्पन्न नव्हतें. देणग्या येत त्या निरनिराळ्या देशांतून, ज्यांचें तोंडहि त्यांनीं पाहिलें नव्हतें अशा माणसांकडून येत. आणि त्याच आवारांत मुली विणीत, शेत करीत, गुरें राखीत, तेलाचा घाणा चालवीत, छापखान्यांत खिळे जुळवीत. रमाबाईंनीं मूळ इब्री व ग्रीक भाषांवरून केलेलें पवित्र शास्त्राचें भाषांतर याच छापखान्यांत, या मुलींच्याच हातांनीं छापिलें गेलें. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजीं वारल्या. तें पुस्तक १९२४ सालीं पुरें झालें.

मग मूळ प्रश्नाचें काय? अनंतशास्त्री उपाशीं गेले आणि केडगांवच्या मुली जगल्या; एकाचें मागणें देवानें ऐकिलें नाहीं आणि दुसऱ्याचें ऐकिलें, असा निवाडा करण्याचें धाडस आम्ही करणार नाहीं. दुष्काळांत ख्रिस्ती माणसेंहि मेलीं आहेत, आणि तींहि प्रार्थना करीतच मेलीं. आम्हांस जें दिसतें तें एवढेंच: १८७४ सालीं ज्या वाटेवरून पांच माणसें पोटांत पाला घालून चालत होतीं त्या वाटेवर कोणाचें तरी कोठार होतें, आणि तें उघडविणारें कोणी नव्हतें. बावीस वर्षांनीं मध्यप्रांतांतील मुलींच्या वाटेवर त्याच पांचांपैकीं उरलेली एक बाई उभी होती. देवाची तरतूद जर कशाला म्हणावयाचें असेल, तर धान्याआधीं त्या बाईलाच म्हणावें लागेल.

अशा अन्नछत्राच्या स्वयंपाकघरांत श्रद्धेबरोबर ज्ञान किती लागतें, हेंहि सांगितलें पाहिजे. उपासमारीनें खंगलेल्या मनुष्यास दया येऊन एकदम पोटभर जेवूं घातलें तर तो दगावण्याचा संभव असतो. दीर्घ उपासानंतर एकाएकीं अन्न मिळालें म्हणजे रक्तांतील फॉस्फेटसारखे क्षार झपाट्यानें कमी होतात आणि हृदयावर ताण पडतो. म्हणून आरंभीं पातळ पेज, तीहि थोडी थोडी आणि वरचेवर, असा क्रम ठेवावा लागतो. कढई रिकामी असतां धीर धरणें कठीण आहे. भरलेल्या कढईपुढें भुकेलेलें मूल रडत असतां पळी आंखडून धरणें त्याहून कठीण.

शेवटीं, ज्यांना अनाथाश्रम काढितां येत नाहीं अशा साध्या घरांनीं काय करावें, याचें एक उदाहरण आपल्याच देशाच्या ईशान्य कोपऱ्यांत आहे. मिझोराममधील प्रेस्बिटेरियन मंडळींतील बायकांनीं १९१० सालापासून एक वहिवाट पाडिली. घरोघरची गृहिणी दर वेळीं भात टाकण्यापूर्वीं शिजवावयाच्या तांदुळांतून एक मूठ काढून निराळ्या भांड्यांत ठेवते. मग मंडळींतील बायका घरोघर जाऊन तो तांदूळ गोळा करितात, आणि तो विकून येणारा पैसा मंडळीच्या कार्यास लागतो. तिकडे या मुठीस ‘बुह्‌फाइ थाम’ म्हणतात. ही पद्धत सुरू झाली आणि पुढल्याच वर्षीं, १९११ सालीं, त्या डोंगरांत बांबू फुलला, उंदीर माजले व पिकें फस्त होऊन मोठा दुष्काळ पडला. तरी ती वहिवाट रुजली. ती आजहि चालू आहे. मूठ काढावयाची ती आधणांत तांदूळ वैरण्यापूर्वीं. जेवून उरलेल्या भातांतून नव्हे.